विंग घडवण्याआधी: विद्यार्थी रेसिंग संघाने संगणकीय प्रतिमान कोणत्या क्रमाने वापरावे

कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी उतरणाऱ्या विद्यार्थी संघाच्या हाती गाडी बांधायला जेमतेम एक वर्ष असते. कार्बन फायबरची एक विंग, म्हणजे हवेच्या जोरावर गाडीला जमिनीकडे दाबणारे पाते, साच्यासकट तयार करण्यात कित्येक आठवडे जातात आणि ती फसली, तर दुसरी करायला ना वेळ उरतो ना पैसा. संगणकावर मात्र तेवढ्याच काळात पंधरा-वीस आकार तपासून त्यांतले बहुतेक बाद करता येतात. प्रतिमानामुळे, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या संगणकावरील गणितामुळे, काम वेगाने होते ते मुख्यतः वाईट पर्याय लवकर बाद झाल्यामुळे. म्हणून स्वस्त गणित आधी आणि महागडे गणित नंतर, हा क्रम मोडू नये.

पहिले गणित साध्या स्प्रेडशीटमध्ये करावे. स्किडपॅडची, म्हणजे गाडी वर्तुळात फिरवण्याच्या चाचणीची, फेरी साधारण 9.1 मीटर त्रिज्येची धरा, चालकासह गाडीचे वस्तुमान 300 किलो आणि टायरचा घर्षणांक 1.4 माना. विंग नसताना वळणातला कमाल वेग सेकंदाला सुमारे 11.2 मीटर येतो आणि एका फेरीला 5.11 सेकंद लागतात. आता डाउनफोर्सचा, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या हवेच्या बलाचा, गुणांक गुणिले क्षेत्रफळ हा आकडा 2 चौरस मीटर धरला, तर वेळ 4.98 सेकंदांवर येते. हे 0.13 सेकंद मिळवण्यासाठी किती वजन, किती खर्च आणि किती रात्री द्यायच्या, याचा निर्णय संघाने याच टप्प्यावर घ्यावा. हा आकडा हाताशी नसताना थेट हवेच्या प्रवाहाची रंगीत चित्रे काढायला बसणारे संघ मी पाहिले आहेत; त्यांची मेहनत खरी असते, पण ती कशासाठी चालली आहे हे त्यांना सांगता येत नाही.

त्यानंतर विंगचा फक्त छेद घेऊन द्विमितीय सिम्युलेशन करावे. मुख्य पाते आणि त्याच्या मागचे छोटे पाते (फ्लॅप) यांच्यातली फट, फ्लॅपचा कोन आणि एकावर एक येणारा भाग हे तीनच घटक बदलत राहावे. साध्या लॅपटॉपवरही असे गणित थोड्या वेळात होते. मात्र खऱ्या विंगच्या दोन्ही टोकांशी भोवरे तयार होऊन डाउनफोर्स घटतो आणि द्विमितीय गणिताला ते दिसत नाहीत. त्यामुळे इथे मिळालेला आकडा गाडीचा आकडा म्हणून मांडू नये. त्याचा उपयोग पर्यायांची आपसांत तुलना करण्यापुरता करावा.

त्रिमितीय कामाला हात घालण्यापूर्वी अहमद बॉडी सोडवून पाहावी, असा माझा आग्रह आहे. 1044 मिलीमीटर लांबीच्या या साध्या ठोकळ्यावरचे विंड टनेलमधले प्रयोग 1984 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मागच्या उताराचा कोन 30 अंशांजवळ पोहोचला की ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, शिखर गाठतो आणि त्यापुढे एकदम खाली येतो. आपल्या मेशमधून, म्हणजे हवेची जागा ज्या लहान लहान सेलमध्ये विभागतो त्या जाळीतून, आणि ओपनफोम या प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून हा कल उमटत नसेल, तर दोष कुठे आहे ते या ठोकळ्यावरच शोधावे, कारण स्वतःच्या गाडीचे बरोबर उत्तर कोणालाच ठाऊक नसते.

आता पूर्ण गाडी. ती डावी-उजवी सारखी असल्याने सरळ धावेसाठी अर्धीच घ्यावी, म्हणजे मेशमधले सेल निम्मे होतात. हवेचा वेग सेकंदाला 15 मीटर, म्हणजे ताशी 54 किलोमीटर ठेवावा. या स्पर्धांमधला सरासरी वेग साधारण तेवढाच असतो. जमीन त्याच वेगाने मागे सरकती ठेवावी आणि चाके फिरती ठेवावी. पहिल्या वर्षी आम्ही जमीन स्थिर ठेवली होती. जमिनीलगत मंद हवेचा थर साचला, पुढच्या विंगचा डाउनफोर्स चुकीचा आला आणि त्या आकड्यावर बेतलेले तीन आठवड्यांचे काम टाकून द्यावे लागले.

मेशमध्ये सर्वांत जास्त काळजी पृष्ठभागालगतच्या पहिल्या सेलची घ्यावी. पुढून मागे 300 मिलीमीटर रुंदीच्या पात्यावर, वरील वेगाला, सीमास्तर, म्हणजे पृष्ठभागाला लागून असलेला मंद हवेचा थर, पूर्ण सोडवायचा असेल तर या सेलची उंची अंदाजे 0.02 मिलीमीटर लागते. त्या थराचा अंदाज सूत्राने बांधणारे वॉल फंक्शन वापरले तर सुमारे 0.6 मिलीमीटर पुरते. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकलेला मेश हवा पात्यापासून कुठे सुटते हे चुकीचे दाखवण्याचा धोका असतो, आणि विंगचे सगळे यश नेमके त्याच जागेवर ठरते. गणित थांबवताना केवळ रेसिड्युअल, म्हणजे समीकरणांत उरलेल्या चुका, पाहू नयेत, डाउनफोर्सचा आलेख सपाट झाला की नाही तेही पाहावे. मग तेच गणित आणखी दोन बारीक मेशवर करावे. उत्तर हलत राहिले, तर दोन आकारांमधला फरक खरा की मेशचा, हे सांगता येत नाही.

विंग तयार झाल्यावर तिच्या खालच्या बाजूला लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीने ओळीत लावावे आणि गाडी ठरलेल्या वेगाने चालवून चित्रफीत घ्यावी. आमच्या फ्लॅपवर मधले धागे ताठ मागे पडले होते. टोकाकडचे चार मात्र फडफडत उलटे वळत होते. संगणकाने तिथे हवा चिकटलेली दाखवली होती. 2010 मध्ये व्हर्जिन संघाने व्हीआर-01 ही फॉर्म्युला वन गाडी विंड टनेलशिवाय, निव्वळ संगणकावर घडवली होती. पुढच्याच वर्षी त्या संघाने ही वाट सोडून मॅकलॅरनशी सहकार्य केले आणि त्यात विंड टनेलचा वापरही आला. व्यावसायिक संघालाही मोजमाप टाळता आले नाही, तर आपण धाग्यांचा कंटाळा करू नये.

धागे जिथे उलटे वळले ती जागा, त्या वेळचा वेग आणि प्रतिमानाने दिलेले उत्तर त्याच दिवशी मेशच्या फाईलशेजारी नोंदवून ठेवावे. शेवटच्या वर्षाची मुले पदवी घेऊन निघून जातात आणि पुढच्या तुकडीला कामाची सुरुवात याच नोंदीपासून करता येते.