मुरघासात कल्चर टाकण्याआधी हवा बाहेर काढा

आभाळ भरून येऊ लागले की मुरघासासाठी, म्हणजे खड्ड्यात हवाबंद आंबवून टिकवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, तोडणीची घाई सुरू होते आणि त्या घाईत कुट्टी (चाऱ्याचे बारीक तुकडे) दाबणे व खड्डा त्याच दिवशी झाकणे ही दोन कामे हमखास मागे पडतात. मुरघास बिघडल्याची जी उदाहरणे मी जवळून पाहिली, त्यांतील बहुतेकांत कल्चर (चारा आंबवणारे जिवाणू) महागाचे होते, मळीही (उसाचा गोड, चिकट पाक) पुरेशी होती. खड्डा मात्र रात्रभर उघडा राहिला होता. अशाच एका खड्ड्यात सकाळी कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा आतली कुट्टी चांगलीच गरम लागली आणि तिला उकडलेल्या पाल्यासारखा वास येत होता. कडेला कल्चरची रिकामी पाकिटे पडलेली होती.

कुट्टीत हवा असेपर्यंत चाऱ्याचे श्वसन चालू राहते, यीस्ट आणि बुरशीही वाढत राहतात. त्यात जी साखर जळते, तीच लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे भांडवल असते. ती संपल्यावर कोणतेही कल्चर चाऱ्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप) ४ च्या आसपास आणू शकत नाही. म्हणून पाऊस अंगावर येत असेल, तर कल्चर आणायला जाण्यात वेळ घालवू नये. तो वेळ ट्रॅक्टर खड्ड्यावर फिरवण्यात घालवावा.

नेहमीची कामे:
- मका दाण्यांतील चीक घट्ट होऊ लागल्यावर, शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा भाग) ३० ते ३५ टक्के असताना तोडणे.
- १ ते २ सेंटिमीटर कुट्टी.
- १५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर दाबणे.
- जाड प्लास्टिक, वर वजन, कडा मातीने बंद.

ओलावा पाहण्यासाठी कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट दाबावी. बोटांतून रस गळला तर चारा ओला आहे, तो थोडा सुकू द्यावा. मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला तर भरण्यास हरकत नाही. गोळा लगेच विस्कटला तर चारा कोरडा झाला आहे आणि तो दुप्पट दाबावा लागेल.

आता पूरकांविषयी. मका आणि गोड ज्वारीत साखर मुळातच पुरेशी असते, त्यामुळे त्यांत गूळ किंवा मळी घालण्याचा आग्रह कोणी धरला तर तो मानू नये. लसूणघास, बरसीम यांसारख्या द्विदल चाऱ्यात मात्र साखर कमी असते. तेथे टनाला ३० ते ४० किलो मळी थोड्या पाण्यात पातळ करून थराथरावर शिंपडावी. मक्यातील प्रथिने वाढवण्यासाठी टनाला ५ किलो युरिया पुरतो. तो सर्वत्र सारखा पसरावा, ओल्या किंवा द्विदल चाऱ्यात घालू नये आणि असा मुरघास लहान वासरांना देऊ नये. मिठाने बुरशी थांबेल या भरवशावर राहू नये.

जिवाणू कल्चर घ्यायचेच असेल, तर चाऱ्याच्या प्रत्येक ग्रॅमला किमान १ लाख जिवंत जिवाणू पडले पाहिजेत, म्हणजे टनाला दहा हजार कोटी. पाकिटावर हा आकडा आणि मुदत नसेल तर विक्रेत्याने कितीही गळ घातली तरी ते घेऊ नये. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आंबवण वेगाने करते. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी असेटिक आम्ल तयार करून उघडलेला मुरघास तापण्यापासून वाचवते, पण त्याचा गुण दिसायला ४५ ते ६० दिवस जावे लागतात. कल्चर क्लोरीनच्या पाण्यात मिसळू नये, उन्हात ठेवू नये आणि तणनाशकाच्या पंपातून तर कधीच फवारू नये. माझा स्वतःचा अंदाज असा की, मक्याचा खड्डा नीट दाबून संध्याकाळच्या आत झाकला, तर कल्चरवाचून फारसे अडत नाही. कल्चरची खरी गरज खड्डा उघडल्यावर उन्हाळ्यात भासते.

भरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खड्ड्याजवळ पिवळसर-तपकिरी वायू दिसल्यास तेथून ताबडतोब दूर जावे, कारण तो फुप्फुसांना घातक असतो. खड्डा उघडल्यावर रोज संपूर्ण दर्शनी भागावरून किमान १५ सेंटिमीटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त, मुरघास सरळ कापून काढावा आणि काळा किंवा बुरशीचा भाग जनावरांसमोर टाकू नये. प्लास्टिकला उंदराने पाडलेले छिद्र दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्यावर चिकटपट्टी लावावी.