जुन्या पेडल स्टीलचं पिकअप बदलायचंय? आधी या चुका टाळा

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा बार सरकवत आणि पेडलनी सूर बदलत वाजवायची गिटार, आणि पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा तिचा मॅग्नेट-कॉइलचा भाग. नवीन पिकअपची ऑर्डर द्यायच्या आधी एक काम करा. गिटारची केबल व्हॉल्यूम पेडलमधून काढा, सरळ अँपला लावा आणि दहा मिनिटं वाजवून बघा. आवाज एकदम मोकळा झाला, वरच्या तारा परत चमकायला लागल्या, तर पिकअपला बहुधा काहीही झालेलं नाहीये, पेडलमधला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रेझिस्टर) झिजला असेल. आधी पॉट बदलून बघा, पिकअपला हात लावू नका.

हे सगळ्यात आधी सांगतोय कारण माझ्या गिटारचं असंच नुकसान झालंय आणि ते भरून येणारं नाहीये. मी टेक्सासमध्ये राहतो, इथेच एका वयस्कर वादकाकडून १९७० च्या दशकातली दोन नेकची, म्हणजे तारांचे दोन वेगळे संच असलेली पेडल स्टील घेतली. घेतल्यापासून ई नाइन्थ (हे ट्यूनिंगचं नाव) नेकचा आवाज दबलेला वाटायचा आणि वाजवता वाजवता मध्येच अर्धा व्हायचा. एका दुकानात दाखवली, त्यांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं की पिकअप मेलंय, नवीन टाकू. नवीन पिकअप खाचेत बसेना म्हणून मला न विचारता राउटर लावून लाकूड कापलं. गिटार घरी आणली, लावली, आवाज परत तसाच अर्धा. दोष निघाला नेक बदलायच्या स्विचमध्ये, कॉन्टॅक्टवर इतक्या वर्षांचा काळा थर बसला होता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला, स्विच वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे केला, झालं काम. जुनं पिकअप मी मागून घेतलं होतं म्हणून ते तरी वाचलं, पण कापलेलं लाकूड परत येत नाही, मला त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी तारा (जुन्या झालेल्या तारा पिकअपचा आवाज मारतात आणि बोल पिकअपला लागतो), मग केबल, मग व्हॉल्यूम पेडल, मग जॅक, मग स्विच, आणि हे सगळं धड असेल तरच पिकअप.

मेलंय हे ठरवायचं कसं

मल्टीमीटर घ्या आणि पिकअपच्या दोन्ही वायरींवर रेझिस्टन्स मोजा. दहा तारांच्या जुन्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये साधारण १५ ते २० के ओहम दिसतं, स्ट्रॅटोकास्टरच्या ६ के ची सवय असेल तर हा आकडा बघून दचकू नका, स्टीलची पिकअप अशीच जास्त वेढ्यांची असतात. मीटर काहीच दाखवत नसेल म्हणजे ओपन असेल तर कॉइल कुठेतरी तुटलीये. आकडा खूपच कमी आला, समजा १८ च्या जागी ७, तर आत शॉर्ट असू शकतो. गिटारवर व्हॉल्यूम किंवा टोनचा पॉट असेल तर पिकअपची एक वायर सोडवून मगच मोजा, नाहीतर मीटर दोघांचं मिळून रीडिंग देतो, १८ के चं पिकअप ५०० के च्या पॉटला जोडलेलं असेल तर १७.४ च्या आसपास दिसतं. हा फरक छोटा आहे, पण पॉट खराब असेल तर रीडिंग कुठच्या कुठे जातं आणि बिचारं पिकअप फुकट बदनाम होतं.

आणि ओपन दाखवलं तरी लगेच हार मानायची गरज नाही. कॉइलची तार आतून तुटण्याऐवजी बरेचदा टोकालाच तुटते, जिथे ती बाहेरच्या वायरला सोल्डर केलेली असते तिथे, हिरवट गंज चढलेला दिसतो. ४२ गेजची तार साधारण ०.०६३ मिमी जाड म्हणजे केसाएवढीच, त्यामुळे भिंग, चांगला उजेड आणि टोकदार सोल्डरिंग आयर्न हवं, हात थरथरत असतील तर दुसऱ्याला करू द्या. बाहेरचं टोक असेल तर एखादा वेढा उलगडून परत जोडता येतं. आतलं टोक तुटलं असेल तर मात्र रिवाइंड.

रिवाइंड हा माझ्या मते नव्या पिकअपपेक्षा चांगला पर्याय आहे आणि लोक त्याचा विचारच करत नाहीत. तेच मॅग्नेट, तीच बॉबिन (तार गुंडाळायचं रीळ), तीच उंची, फक्त तार नवीन, गिटारला कुठे भोक पाडावं लागत नाही. मात्र हे काम पिकअप वाइंड करणाऱ्याकडेच द्या, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात नाही, इतक्या बारीक तारेचा ताण सांभाळायचं त्यांचं मशीन नसतं. आणि देताना सांगा की जुनी तार कापून फेकायच्या आधी तिचं गेज मोजा आणि जमलं तर वेढे मोजत उलगडा. हे पुढच्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

ओहमच्या आकड्यावरून पिकअप निवडणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि हुशार माणसंही करतात. "माझं जुनं १८ के होतं, नवीनपण १८ के घेतलं, मग आवाज असा का?" कारण ओहम म्हणजे आवाज नाहीच. ४४ गेजची तार ४२ पेक्षा बारीक आहे, तिचा रेझिस्टन्स फुटामागे दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे दोन पिकअप मीटरवर सारखीच १८ के दाखवतील पण एकावर वेढे कितीतरी जास्त आणि दुसऱ्यावर कमी. वेढे बदलले की इंडक्टन्स (कॉइलचा एक विद्युत गुणधर्म) बदलतो, इंडक्टन्स बदलला की आवाजातला तो उंचवटा, जिथे वरचे सूर खुलतात, तो जागेवरून सरकतो. त्यात मॅग्नेट कुठला, कॉइल बुटकी-रुंद की उंच-अरुंद, हे वेगळंच.

तापमानाचं पण बघा. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्री सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. जानेवारीत गॅरेजमध्ये १५ डिग्रीला १८ के मोजलेलं पिकअप ऑगस्टमध्ये ३५ डिग्रीला १९.४ के दाखवणार, पिकअप तेच. त्यामुळे अर्ध्या के च्या फरकावरून वाद घालण्यात काही अर्थ नाही, आकडा लिहिताना शेजारी तापमान लिहा.

आणि काही पिकअपच्या बाबतीत हा आकडा पूर्णच फसवतो. बिल लॉरेन्स यांची हम (विजेची घूं घूं) दाबून टाकणारी पिकअप घ्या किंवा लेसची अ‍ॅल्युमिटोन घ्या, त्यांची रचनाच वेगळी, अ‍ॅल्युमिटोनमध्ये तर हजारो वेढ्यांच्या कॉइलऐवजी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि छोटा ट्रान्सफॉर्मर, तिथे जुन्या सिंगल कॉइलच्या ओहमशी तुलना करायची म्हणजे किलोला लिटरने मोजण्यासारखं आहे. ही पिकअप वाईट नाहीत हां, स्टेजवर दिव्यांच्या डिमरची गुरगुर असेल तर मी स्वतः हम नसलेलंच पिकअप निवडेन. पण मग जुन्या सिंगल कॉइलचा तो किंचित खरखरीत, पुढे येणारा आवाज तसाच मिळेल ही अपेक्षा सोडा.

माप न घेता मागवणं

या गिटारी एका साच्यातल्या नाहीत. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५० च्या दशकात नॅशव्हिलमध्ये पेडल स्टील बनवणारी शो-बड कंपनी सुरू केली, पुढे एमन्स बाहेर पडले आणि १९६३ मध्ये रॉन लॅशलींबरोबर एमन्स कंपनी उभी राहिली, टेक्सासमध्ये एमएसए कंपनी, शिवाय झेन बेकची झेडबी, आणि प्रत्येकाने आपापल्या हिशोबाने खाच केली, स्क्रूची जागा ठरवली. नॅरो माउंट आणि वाइड माउंट हे शब्द ऐकले असतील, तो हाच प्रकार. फेंडर ४०० किंवा १००० असेल तर गोष्ट अजून वेगळी, त्या नेकवर ८ तारा आहेत, दहाच्या पिकअपचा उपयोगच नाही.

काय काय मोजायचं? खाचेची लांबी, रुंदी, खोली. स्क्रूच्या मध्यापासून दुसऱ्या स्क्रूच्या मध्यापर्यंत. आणि पहिल्या तारेच्या मध्यापासून दहाव्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर, पण हे चेंजरवर (पेडल दाबल्यावर तारा ओढणारा, पिकअपजवळच्या टोकाचा भाग) नाही, पिकअपच्या बरोबर वर मोजा, कारण तारा नटकडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे जाताना जवळ येत जातात. हे चुकलं की मधल्या तारा पोलवर (प्रत्येक तारेखालचा मॅग्नेटचा खांब) आणि पहिली-दहावी पोलच्या बाजूला, मग लोक म्हणतात पहिली तार ऐकूच येत नाही. पोलच्या जागी सलग ब्लेड असलेल्या पिकअपला हा त्रास होत नाही, माप विचित्र असेल तर तो मार्ग बघा. आणि पिकअप चेंजरपासून किती लांब होतं तेही लिहून ठेवा, तिथे थोडंसं सरकलं तरी आवाज बारीक किंवा भरीव होतो.

खाचेत बसत नसेल तर पिकअप परत करा. लाकूड कापू नका. एवढंच सांगतो.

बसवल्यावर आवाज आवडला नाही म्हणून लगेच काढणं

नव्वद टक्के वेळ लोक पिकअप निवडण्यात घालवतात आणि उंची लावायला पाच मिनिटं देत नाहीत असं मला वाटतं, निदान माझ्या ओळखीत तरी असंच आहे. साध्या गिटारमध्ये शेवटच्या फ्रेटवर तार दाबून माप घेतात, इथे तार खाली दाबलीच जात नाही, बार वरून सरकतो, त्यामुळे मोकळ्या तारेखाली मोजा. सुरुवात ३ ते ३.५ मिमीने करा, इथले जुने वादक क्वार्टरची (२५ सेंटची) दोन नाणी एकावर एक ठेवून बघतात, एक नाणं १.७५ मिमी म्हणजे बरोबर ३.५ झालं. मग जाड तारांची बाजू थोडी खाली घ्या. फार जवळ आणलं तर पिकचा ठोका टोचतो आणि खालच्या तारा घुमतात, फार लांब नेलं तर आवाज पातळ आणि अँप वाढवावा लागतो, मग हमही वाढतो. एकेक चतुर्थांश फेरा फिरवा, वाजवा, परत फिरवा. कधी कधी जुन्या गिटारमध्ये पिकअपखालचा फोम किंवा स्प्रिंग चेपलेली असते, पिकअप आपोआप खाली गेलेलं असतं आणि त्यालाच आपण "मॅग्नेट वीक झालं" म्हणत असतो.

एकच तार मोठी वाटत असेल तर तारच बघा आधी. ई नाइन्थमध्ये सहावी तार, खालची जी शार्प, २० हजारांश इंचाची प्लेन असेल तर ती आजूबाजूच्यांपेक्षा जोरात बोलते, तिथे वाउंड (वरून बारीक तार गुंडाळलेली) तार लावून बघा, मात्र मग त्या तारेच्या पेडलचं ट्यूनिंग परत करावं लागेल.

पुढचं सगळं सर्किट विसरणं

जास्त वेढ्यांचं पॅसिव्ह पिकअप लोडला, म्हणजे पुढे जोडलेल्या केबल-पॉटच्या ओझ्याला, फार हळवं असतं. केबलची कपॅसिटन्स (हीच वरचे सूर खाते) मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, गिटार ते पेडल ३ मीटर आणि पेडल ते अँप ६ मीटर म्हणजे ९०० झाले, वर ५०० के चा पॉट, आणि स्टील वाजवणारा पाय अर्ध्यावर ठेवूनच वाजवतो, तिथेच वरचे सूर सर्वात जास्त मरतात. गिटारनंतर लगेच एक चांगला बफर (पिकअपला पुढच्या लोडपासून वाचवणारं छोटं सर्किट) लावला तर जुनंच पिकअप नव्यासारखं वाटू शकतं. अजून एक फुकटातली तपासणी, ट्विन रिव्हर्बसारख्या फेंडर अँपवर केबल दोन नंबरच्या इनपुटला तर नाही ना? तिथे इनपुट इम्पीडन्स फक्त १३६ के च्या आसपास असतो, एक नंबरला १ मेगओहम. एवढ्यानेच आवाज मंद होतो.

वायरिंगमधल्या दोन चुका पटकन सांगतो. जुनं पिकअप काढताना फ्रेमला जाणारी ग्राउंडची वायर तुटते किंवा परत जोडायची राहते, मग तारांना हात लावला की हम बदलतो, मीटरचा बीप लावून जॅकच्या ग्राउंडपासून चेंजरपर्यंत कनेक्शन आहे का बघा. दुसरं, दोन नेकच्या गिटारमध्ये एकच पिकअप बदललं आणि स्विच मधे ठेवल्यावर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा झाला तर फेज उलटा आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांना कापतायत. नव्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा, पण जर त्यातली एक धातूच्या कव्हरला किंवा शील्डला जोडलेली असेल तर आधी ती वेगळी करावी लागेल.

शिट्टी मारत असेल, म्हणजे मायक्रोफोनिक, तर घरी मेणात बुडवायचा मोह होतो. पेन्सिलने हलकेच टकटक करून बघा, अँपमधून ठोका मोठा आला तर वेढे सैल आहेत हे खरं, पण जुनी बॉबिन गरम मेणात वाकली तर दुसरी मिळणार नाही. दुर्मिळ पिकअप असेल तर जाणकाराकडे द्या.

भारतात कोणाकडे वडिलांची किंवा आजोबांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार असेल, गिटारवादक वॅन शिप्ले यांची वाजवणी ऐकून त्या काळात अनेकांनी घेतल्या होत्या, तर वरच्या बहुतेक तपासण्या तिलाही लागू आहेत, फक्त तारा सहा आणि तिथल्या विजेचा हम ६० ऐवजी ५० हर्ट्झचा. दहा तारांचं पिकअप तिच्यासाठी शोधू नका, रिवाइंड करा.

आणि काढलेलं पिकअप, मेलेलं असलं तरी, फेकू नका आणि दुकानात सोडू नका. कागदात गुंडाळा, वरती कुठल्या नेकचं, रीडिंग किती, कुठल्या तापमानाला, कधी काढलं हे लिहा आणि गिटारच्याच केसमध्ये ठेवा, स्पीकरच्या मॅग्नेटजवळ मात्र नाही. माझं तसंच चार महिने केसमध्ये पडून होतं. आता परत जागेवर आहे, कापलेल्या बाजूला मेपलची पातळ पट्टी लावून बसवलंय, आणि रोज संध्याकाळी तेच वाजतं.