कबूल केलेली देणगी हप्त्यांनी गोळा करताना

शाळेच्या इमारतीसाठी कुणी 60,000 रुपये कबूल केले आणि दरमहा 5,000 चे बारा हप्ते ठरले, तर त्या दिवशी संस्थेच्या हाती फक्त शब्द आलेला असतो. तेव्हा 60,000 ची पावती फाडू नका. पावती दर हप्त्याची वेगळी, आणि तीही पैसे खात्यात जमा झाल्यावरच. कबुलीची वही आणि पावतीपुस्तक वेगवेगळे ठेवा. प्रत्येक पावतीवर कबुली क्रमांक लिहिला की कुणाचे किती आले आणि किती राहिले, याचा मेळ लागतो.

कबुलीपत्र एका पानाचे पुरे: पॅनवर आहे तसेच नाव, पत्ता, पॅन, एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, पैसे कसे देणार, कशासाठी, आणि सही. देणगी कायम निधीत (मूळ रक्कम खर्च न करता राखून ठेवायचा निधी) घालायची असेल तर देणगीदाराने तसे लेखी द्यायला हवे. नागरिकत्वाचा रकाना बहुतेक संस्था विसरतात. परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची मात्र परदेशीच. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले आणि रक्कम रुपयांत आली तरीसुद्धा. संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी नसेल तर असा हप्ता घेता येत नाही, म्हणून हे आधीच विचारा.

हप्त्याची तारीख 7 ते 10 च्या दरम्यान ठेवा. पगार बहुधा पहिल्या पाच दिवसांत होतो आणि 25 तारखेला खाते रिकामे असते. यूपीआय ऑटोपेवर देणगीचा हप्ता 15,000 रुपयांपर्यंत असेल तर दर वेळी पिन लागत नाही, त्यापुढे लागतो आणि तिथेच हप्ता अडकतो. त्यामुळे तिमाही 30,000 पेक्षा मासिक 10,000 सोयीचे. बँकेच्या नॅच फॉर्ममध्ये (ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) सही बँकेतल्या नमुन्याशी जुळली नाही किंवा संयुक्त खात्यावर दुसऱ्याची सही राहिली, तर फॉर्म परत येतो. भरून घेतानाच तपासा. हप्ता परत गेला तर देणगीदाराची बँक त्याच्याकडून दंड कापते. म्हणून त्याला न विचारता पुन्हा लावू नका. देणगीदार दुखावतो तो इथेच.

पुढच्या तारखांचे चेक घेतले असतील तर तारखेच्या क्रमाने लावून कपाटात ठेवा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरला नाही तर बाद होतो.

थकलेल्या हप्त्यासाठी वकिलाची नोटीस पाठवायचा मोह टाळा. निव्वळ देणगीचे वचन कायद्याने सहसा वसूल होत नाही, आणि देणगीचा चेक वटला नाही म्हणून कलम 138 चा खटलाही टिकत नाही. हावड्याच्या टाउन हॉलसाठी 100 रुपये कबूल केलेल्या वर्गणीदाराला कलकत्ता उच्च न्यायालयाने 1886 मध्ये जबाबदार धरले, पण ते वर्गणीच्या भरवशावर कंत्राटदाराशी करार झाला होता म्हणून. कंत्राट देताना मात्र उलटा विचार करा: हाती आलेल्या पैशांवरच काम सुरू करा.

आठवण देताना ‘बिल’ आणि ‘थकबाकी’ हे शब्द नकोत. तारखेच्या तीन दिवस आधी छोटा संदेश पाठवा: ‘नमस्कार काका, 8 तारखेला आपला चौथा हप्ता 5,000 रुपये आहे. पायाचे काम पूर्ण झाले, फोटो सोबत आहे.’ आठवडाभरात पैसे आले नाहीत तर ज्याने शब्द घेतला त्यानेच फोन करावा, कारकुनाने नव्हे. अडचण खरी असेल तर हप्ता लहान करा, मुदत वाढवा आणि बदल त्याच कबुलीपत्रावर तारखेसह लिहून घ्या. अर्धीच रक्कम आली तर ती सर्वात जुन्या हप्त्यात जमा करा.

रोखीचा हप्ता 2,000 रुपयांच्या वर गेला तर देणगीदाराला देणगीवरची आयकर सवलत (80जी) मिळत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. सवलत त्या वर्षात प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवर मिळते, कबूल केलेल्या रकमेवर नाही. म्हणून मार्चचा हप्ता 20 तारखेच्या आत घ्या आणि 31 मार्चला कबुलीची वही, पावतीपुस्तक आणि बँकेचे पासबुक समोरासमोर ठेवून एकेक ओळ जुळवा.