जुन्या जीपच्या पुढच्या चाकांची बेअरिंग आणि ब्रेक बदलताना

घाट उतरून तापलेला हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे पावसाळाभर पाण्यातून फिरलेल्या जीपची पुढची बेअरिंग आवाजाची वाट न बघता उघडायचीच. इथे सांगतोय ते महिंद्राच्या विलीज घडणीच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपबद्दल, जिच्या पुढच्या चाकांनाही ड्रम ब्रेक आहेत.

आधी दोष नक्की बेअरिंगचाच आहे ना, ते बघा. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. प्ले (सैलपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन. एवढं न बघता बेअरिंग बदलायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर हे काम करायचं नाही. चाक, ड्राइव्ह फ्लँज (ॲक्सलची फिरकी हबला देणारी तबकडी), सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), लॉकनट, वाकवलेली चकती, आतला नट, मग ड्रमसकट हब, या क्रमाने सगळं बाहेर येतं. नटाला मापाचा बॉक्स पानाच लावा. छिन्नी-हातोड्याने नट फिरवणारे बरेच भेटतील, त्यांच्या हाती गाडी देऊ नका. नटाचे कोपरे जातात आणि पुढे तो किती आवळलाय याचा अंदाजच येत नाही.

ड्रम निघालाच आहे तर ब्रेक आताच करून घ्या. धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेक शूजवरच्या घर्षणपट्टीत, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. रिव्हेटच्या डोक्यावर जेमतेम 1 मिमी लायनर उरलं असेल तर शूज बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला. लायनरवर ग्रीस गेलं असेल तर ते पेट्रोलने धुवून किंवा जाळून पुन्हा लावायचा सल्ला सरळ धुडकावा. आत मुरलेलं तेल ड्रम तापला की परत वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. शूज ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओल असेल तर रबरांचं किट बदला. भिंतीला खड्डे पडले असतील तर सिलिंडरच नवा. नवे शूज बसवा, पण ॲडजस्टरने अजून ड्रमकडे सरकवू नका. का, ते पुढे येईलच.

बेअरिंगचा कप (बाहेरची कडी) आणि रोलर ही जोडी असते. जुन्या कपात नवे रोलर कधीही घालू नका. जुना कप आतून पितळी पंचाने आळीपाळीने समोरासमोर ठोकत काढा, नवाही तसाच बसवा. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलून भरीव येतो. तो येईपर्यंत थांबायचं नाही. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद बाजूने दाबत भरा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. सील नवंच.

आता खरं काम, नट आवळण्याचं. या एका पायरीवर नवी बेअरिंग टिकतात किंवा आठवड्यात जळतात. मलाही ते हाताला बसायला बराच काळ लागला.

शूज ड्रमपासून आत सरकलेले असतील तरच ड्रम मोकळा फिरतो. शूज घासत असले तर हाताला लागणारा अडसर बेअरिंगचा की ब्रेकचा, हे कळत नाही. म्हणून आधी बेअरिंग, मग शूज. एका हाताने ड्रम सतत फिरवत दुसऱ्या हाताने आतला नट आवळा, ड्रम जड होईपर्यंत. फिरवल्याशिवाय आवळलं तर रोलर आपापल्या जागी बसत नाहीत आणि नट घट्ट झाल्याचा भास होतो. ड्रम जड झाला की नट साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या. षटकोनी नटाची एक बाजू म्हणजे तेवढंच.

बरेच जण इथेच थांबतात, आणि चुकतात. चकती घालून लॉकनट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधल्या सैलपणाइतका आत रेटतो, आणि आत्ता नीट वाटलेलं बेअरिंग घट्ट होतं. म्हणून लॉकनट पूर्ण आवळल्यावरच परीक्षा घ्यायची: ड्रम बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि हलवल्यावर हाताला प्ले लागता कामा नये. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) असेल तर त्यावर प्ले 0.03 ते 0.13 मिमी. जमलं नाही तर लॉकनट काढा, आतला नट किंचित सरकवा, पुन्हा आवळा. तीन-चार वेळा करावं लागलं तरी करा. ‘थोडं घट्ट असलेलं बरं, नंतर सैल होतं’ हे तर निखालस चूक आहे. टेपर रोलर घट्ट राहिला तर तापून ग्रीस पातळ होतं, वाहून जातं आणि रोलर निळे पडतात. जमल्यावर चकतीची कड नटावर वाकवा. जुनी चकती पुन्हा वापरू नका.

आता शूज ॲडजस्ट करा. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. ब्रेक ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद डब्यातलं.

मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक शक्यतो न वापरता, दहा किलोमीटर चालवा आणि हबला हात लावा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर शूज घासत नाहीत ना ते आधी बघा. ते मोकळे असतील तर नट घट्ट आहे, तिथेच उघडून सैल करा. 500 किलोमीटरनंतर चाक उचलून प्ले पुन्हा तपासा.