लायटर घ्यायलाही वयाचा पुरावा मागतात तेव्हा

माझी भाची तेवीस वर्षांची, दिसते मात्र दहावीतली. म्हापशाच्या एका मोठ्या दुकानात चतुर्थीच्या सामानात साधा गॅस लायटर होता, तर काउंटरवरच्या पोराने वयाचा पुरावा मागितला. पाकीट घरी, मागे रांग. शेवटी काड्यापेटी घेऊन आली!

तेव्हापासून तिने हे करून ठेवलंय:

१. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं (कॅपिटलमध्ये) आणि जन्मवर्ष.

२. त्याची छापील प्रत लॅमिनेट करून मोबाइलच्या कव्हरमागे सरकवा. डिजिलॉकरही चालतं, पण दुकानाच्या आत रेंज नसली की ते फिरतच राहतं.

३. अडणारी वस्तू आधी काउंटरवर ठेवा, कार्ड दाखवा, मग बाकीची टोपली. सगळं बिल झाल्यावर अडलं की रद्द करायला सुपरवायझर येईपर्यंत दहा मिनिटं जातात.

कार्ड दाखवायचं, द्यायचं नाही. लायटरसाठी झेरॉक्स किंवा फोटो कशाला हवा?

एक बघून घ्या: काही जुन्या आधारांवर फक्त जन्मवर्ष असतं. तसं असेल तर पूर्ण तारीख असलेलं लायसन्स बरं. आणि नाताळच्या केकसाठी रम आणायची असेल, तर गोव्यात २१ पूर्ण लागतात. तिथे दुकानदाराशी हुज्जत घालू नका.