नवं नायट्रो इंजिन रनिंगला लावताना

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचं नवं नायट्रो इंजिन, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारं, खोक्यातून काढलं की आधी फ्लायव्हील (इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक) बोटाने फिरवून बघा. पिस्टन वर येताना एका जागी अडतो आणि जोर लावला की टक् करून सुटतो. इंजिन जाम नाही, ते असंच बनवलेलं असतं. या पिस्टनला रिंग नसते. क्रोमचा मुलामा दिलेला पितळी लायनर (पिस्टन ज्यात पळतो ती नळी) वरच्या टोकाला किंचित निमुळता ठेवतात आणि त्या घट्टपणावरच कॉम्प्रेशन मिळतं. इंजिन तापलं की लायनर वरच्या बाजूला जास्त फुगतो, निमुळतेपणा जातो आणि पिस्टन मोकळा पळतो.

म्हणजे हे इंजिन गरम असतानाच नीट बसतं. तरीही ‘नीडल (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) भरपूर उघडा, गाडी विटेवर ठेवा आणि दोन टाक्या धूर काढत आयडलवर जाळा’ हा सल्ला अजून दिला जातो. तो मुळीच मानू नका. जादा इंधनाने इंजिन थंड राहतं, लायनर फुगत नाही, पिस्टन प्रत्येक फेऱ्याला त्या अरुंद जागेत ठोकर खातो. त्याचा मार कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बुशवर बसतो आणि लायनरची वरची कड घासून जाते. असं इंजिन आधी गरम असताना बंद पडायला लागतं, मग सुरूच होत नाही.

इंधन पुढे कायम वापरणार तेच घ्या. २० टक्के नायट्रोचं बहुतेक गाड्यांना चालतं. या इंधनातलं मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्वाळा उन्हात दिसतसुद्धा नाही, म्हणून हातमोजे घाला, विडी-काडी लांब ठेवा. चार्ज केलेला ग्लो इग्नायटर (सुरू करताना प्लग तापवणारा), दोन जादा प्लग, इन्फ्रारेड थर्मामीटर, हेअर ड्रायर किंवा हीट गन आणि स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल जवळ असू द्या.

एअर फिल्टरकडे दुर्लक्ष नको. गाळप हंगामात सांगली-साताऱ्याकडचे कच्चे रस्ते ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी फुफाट्याने भरतात आणि ती बारीक धूळ एका टाकीत लायनर खाते. फोम प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिल्टर ऑइल चोळा, सगळीकडे सारखा रंग आला पाहिजे. मग फिल्टर झिप टायने आवळा. बॅकप्लेट (इंजिनाचं मागचं झाकण) आणि कार्ब्युरेटरच्या मानेचे स्क्रू तपासा. तिथून हवा शिरली की इंजिनाचा आवाज आपोआप चढ-उतार करतो आणि माणूस नीडल पिळत बसतो. सुरुवातीला नीडल कंपनीने ठेवल्या तशाच राहू द्या. थ्रॉटल सोडलेला असताना कार्ब्युरेटरची फट साधारण १ मिलिमीटर हवी.

प्लग काढून भोकात लाकडी काडी धरा, फ्लायव्हील फिरवा. काडी सर्वांत खाली गेली तिथे फ्लायव्हीलवर मार्करने खूण करा. ती लागणार आहे.

आता हेड (इंजिनाचा वरचा, फिन्स म्हणजे पातळ पट्ट्या असलेला भाग) ७० ते ९० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर चकचकीत फिन्सवर धरला तर कमी आकडा दाखवतो; वरून थेट प्लगच्या बुडाशी रोखा. पुल-स्टार्टची दोरी ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त ओढू नका. दोरी दगडासारखी अडली तर इंजिन इंधनाने भरलंय. जोर केलात तर रॉड वाकेल. इग्नायटर काढा, प्लग सोडवा, गाडी उलटी धरून दोन-चार वेळा ओढा, तोंड बाजूला ठेवून.

सुरू झालं की गाडी जमिनीवर मोठ्या गोलात फिरवा, पाव थ्रॉटलपर्यंत. हेड ९५ ते १०५ अंशांत हवं. दोन मिनिटं झाली की बंद करा. इंधनाची नळी चिमटून नको, त्याने शेवटच्या क्षणी मिक्स्चर लीन (इंधन कमी, हवा जास्त) होऊन इंजिन तापतं. सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने दाबा. लगेच फ्लायव्हील खुणेवर आणा. पिस्टन वर अडकलेला राहिला तर थंड होणारा लायनर त्याला आवळतो. पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा तापवा, पुन्हा दोन मिनिटं. पहिल्या दोन टाक्या अशाच जातील. तिसरीला अर्धा थ्रॉटल, चौथी-पाचवीला दोन-तीन सेकंद पूर्ण, आणि दर टाकीला हायस्पीड नीडल घड्याळाच्या एका तासाइतकी आत. जास्त नाही.

साताऱ्यात डिसेंबरच्या सकाळी हेड ८० च्या वर सरकेना, तर नीडलला हात लावू नका; फिन्सचा अर्धा भाग फॉइलने गुंडाळा. सांगलीच्या मे महिन्यात उलटं होतं, तिथे फॉइल नकोच. १२० ओलांडलं की थांबा आणि नीडल आठवा हिस्सा बाहेर काढा. उंचीचाही हिशेब असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. वर विरळ हवेत लावलेली नीडल घेऊन खाली आलात तर तेच मिक्स्चर लीन ठरतं आणि पिस्टन जळतो. उतरल्यावर आधी नीडल थोडी बाहेर काढा, मग सुरू करा.

पाच टाक्यांनंतर गार इंजिनात टक् जाणवायलाच हवा, फक्त आधीपेक्षा मऊ. अजिबात गेला असेल तर लायनर झिजलाय.

दिवस संपला की टाकीतलं इंधन जाळून संपवा, प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे चार-पाच थेंब सोडून फ्लायव्हील फिरवा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात इंजिन तसंच ठेवलं तर मागचं बेअरिंग गंजून खरखरायला लागतं.