एन्लार्जरवर कॉन्ट्रास्ट फिल्टर वापरताना: आधी पांढरा जमवा, काळ्याचं नंतर बघू

डार्करूममध्ये एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश टाकून कागदावर फोटो मोठा करणाऱ्या यंत्रावर, काढलेली प्रिंट मळकट राखाडी आली की पहिला हात जातो तो मोठ्या नंबरच्या फिल्टरकडे, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक (कॉन्ट्रास्ट) वाढवणाऱ्या रंगीत फिल्टरकडे. थांबा जरा. आधी ती प्रिंट डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, पूर्ण डेव्हलप झाली होती का ते आठवा, कारण बरेचदा एक्सपोजर (कागदावर पाडलेला प्रकाश) जास्त झालेलं असतं, ट्रेमध्ये प्रिंट भराभर काळी पडायला लागते आणि आपण घाबरून चिमट्याने उचलून बाहेर काढतो, मग काळा कसा भरणार? डेव्हलपर २० अंशाला असेल तर आरसी (प्लास्टिकचा थर दिलेल्या) पेपरला साधारण १ मिनिट आणि फायबर (साध्या कागदी) पेपरला २ मिनिटं द्यायचीच, घड्याळ लावून, ट्रे हलवत. प्रिंट फार काळी झाली तर होऊ दे, पुढच्या वेळी एक्सपोजर कमी करू. डेव्हलपिंगची वेळ दर वेळी वेगळी असेल तर फिल्टरने नेमकं काय केलं ते कधीच कळणार नाही.

आता फिल्टर. हे चालतात फक्त व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट पेपरवर, म्हणजे ज्याचा कॉन्ट्रास्ट प्रकाशाच्या रंगाने बदलतो त्यावर, इलफोर्डचा मल्टिग्रेड हा त्यातला जुना, १९४० सालचा. कुठून तरी जुना ठरावीक ग्रेडचा (कॉन्ट्रास्ट न बदलणारा) पेपर मिळाला असेल तर त्यावर फिल्टर लावून नुसती वेळ वाढेल, बाकी काही नाही. मल्टिग्रेडच्या थरात वेगवेगळी इमल्शन (प्रकाशाने काळी होणारी मिश्रणं) मिसळलेली असतात, निळ्या प्रकाशाला ती सगळी सारखीच संवेदनशील असतात पण हिरव्याला कोणी जास्त, कोणी कमी. त्यामुळे निळा प्रकाश पडला की सगळी एकदम काळी व्हायला लागतात आणि प्रकाशात जरासा फरक असला तरी टोनमध्ये मोठा फरक पडतो, म्हणजे कॉन्ट्रास्ट जास्त. हिरवा पडला की एकामागून एक काळी होतात, टोन हळूहळू चढतो, कॉन्ट्रास्ट कमी. पिवळा फिल्टर निळा अडवतो आणि मॅजेंटा हिरवा अडवतो, म्हणून सेटमधले लहान नंबर पिवळट आणि मोठे नंबर गुलाबी-जांभळट दिसतात. इलफोर्डच्या सेटमध्ये ०० पासून ५ पर्यंत, मध्ये अर्ध्या-अर्ध्या पायऱ्या धरून १२ फिल्टर येतात.

लावायचे कुठे? एन्लार्जरला दिव्याखाली फिल्टरचा ड्रॉवर असेल तर तिथेच लावा, कारण तिथे फिल्टरवर धूळ असली, चरे असले तरी प्रिंटमध्ये दिसत नाहीत. ड्रॉवर नसेल तर लेन्सखाली होल्डर लावून वापरता येतात, पण मग इमेज त्या फिल्टरमधून जाते, त्यामुळे बोटाचा ठसा उमटला की कॉन्ट्रास्ट उगाच मऊ पडतो. कडेला धरूनच हाताळा.

मुख्य काम असं. २ किंवा अडीच नंबर लावून सुरुवात करा, लेन्स पूर्ण उघड्यापेक्षा दोन स्टॉप बंद (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), साधारण एफ ८. बिनफिल्टरचा पांढरा प्रकाशसुद्धा जवळपास २ ग्रेडच देतो, पण त्यात वेळ कमी लागते, म्हणून पहिली टेस्ट स्ट्रिप (वाढत्या वेळांच्या पट्ट्या असलेला चाचणीचा कागद) बिनफिल्टरची आणि पुढची फिल्टरची असं केलं की सगळं गणित परत मांडावं लागतं, त्यापेक्षा पहिल्यापासूनच फिल्टर आत असू दे. स्ट्रिप टाकायची ती हायलाइटवर, म्हणजे फोटोतल्या सगळ्यात उजळ भागावर. समजा फोटोत पांढऱ्या शर्टातला माणूस आहे, तर स्ट्रिप शर्टावरच टाका आणि अशी टाका की प्रत्येक पट्टीत शर्टाचा थोडा तरी भाग येईल. मग डोक्याचे केस, मागची सावली यांच्याकडे ढुंकूनही न बघता फक्त एवढंच शोधायचं की कुठल्या पट्टीत शर्टाच्या चुण्या जेमतेम दिसायला लागल्यात. ती तुमची वेळ. फिक्स झाल्यावर (कागद उजेडात चालेल असा पक्का झाल्यावर) नेहमीच्या दिव्यात बघून ठरवा, सेफलाइटखाली, म्हणजे डार्करूमच्या मंद रंगीत दिव्याखाली, सगळंच काळंभोर वाटतं. आणि वाळल्यावर प्रिंट किंचित गडद होते, फायबर पेपरवर जास्तच, म्हणून ओल्या स्ट्रिपवर शर्ट अगदी हवा तसा दिसत असेल तर वेळ थोडी कमीच धरा.

त्या वेळेने पूर्ण प्रिंट काढा आणि आता केसांकडे बघा. केस राखाडी दिसतायत? फिल्टर अर्धा किंवा एक नंबर वर. केसांचा नुसता काळा गोळा झालाय, बटा दिसत नाहीत? नंबर खाली. थोडक्यात पांढरा वेळेने जमवायचा आणि काळा फिल्टरने, दोन्ही एकदम हलवायला गेलात की गोल गोल फिरत बसाल.

इलफोर्डचे ०० ते साडेतीन हे फिल्टर एकाच वेळेवर चालतात आणि ४ ते ५ ला दुप्पट वेळ लागते. पण ही बरोबरी मधल्या राखाडी टोनपुरती आहे, शर्टापुरती नाही. म्हणजे २ वरून ३ वर गेलात आणि वेळ तीच ठेवली तर मधला टोन जागेवर राहील, पण शर्ट आणखी पांढरा होऊन चुण्या गायब. म्हणून नंबर बदलला की शर्टावर परत एक छोटी स्ट्रिप टाकायचीच. पेपर वाया जातो म्हणून लोक हे टाळतात आणि मग अख्खा कागद वाया घालवतात.

हे जमलं की स्प्लिट ग्रेड करून बघा. एकाच कागदावर दोन एक्सपोजर, आधी ०० ने आणि मग ५ ने. ०० ने स्ट्रिप टाकून शर्टाची वेळ ठरवा, समजा ८ सेकंद आली. मग नवीन कागदाला सगळीकडे ०० ने ८ सेकंद देऊन त्यावर ५ नंबरच्या पट्ट्या टाका आणि काळा हवा तितका भरलेली पट्टी निवडा. ५ मुळे शर्टही जरा गडद होतो, तर शेवटी ०० चे एखाद-दोन सेकंद कमी करा. फिल्टर बदलताना हेडला धक्का लागला की दोन एक्सपोजर एकमेकांवर बसत नाहीत आणि कडा दुहेरी दिसतात, त्यामुळे ड्रॉवर अगदी हलक्या हाताने. मला विचाराल तर रोजच्या प्रिंटला याची गरज नाही, एका फिल्टरने तोच कॉन्ट्रास्ट मिळतो. खरा फायदा बर्निंगला, म्हणजे एखाद्या भागाला जास्तीचा प्रकाश देऊन तो गडद करायला. फिकट आभाळ भरायचंय आणि त्याला लागून झाडाच्या काळ्या फांद्या आहेत, तर आभाळ ०० ने बर्न करा, आभाळात टोन येतो आणि फांद्या फारशा आणखी काळ्या पडत नाहीत.

एन्लार्जरला कलर हेड (आतच रंगीत फिल्टर असलेला दिव्याचा भाग) असेल तर वेगळे फिल्टर नकोतच, पिवळा आणि मॅजेंटा फिरवायचा, कुठल्या ग्रेडला किती ते पेपरच्या माहितीपत्रकात असतं. फक्त तिथला प्रकाश पसरट असतो, म्हणून कंडेन्सरच्या (भिंगांनी प्रकाश एकवटणाऱ्या हेडच्या) मानाने तीच निगेटिव्ह थोडी मऊ येते, आणि बऱ्याच हेडवर मॅजेंटा पूर्ण फिरवूनही खरा ५ गाठता येत नाही.

एवढं करूनही पांढरा मळकटच येत असेल तर सेफलाइट तपासा. हा पेपर हिरव्यालाही संवेदनशील असतो, त्यामुळे पिवळट-हिरवा दिवा चालणार नाही, अंबर किंवा लाल हवा. कागदाला एन्लार्जरखाली फिकट राखाडी येईल इतकाच प्रकाश द्या, मग त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली ५ मिनिटं राहू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्या किंवा बदला. गोल उमटला नाही आणि तरी ५ नंबर ४ सारखाच वागतोय, तर फिल्टरचा रंग उडालाय का बघा, उष्णतेने आणि उजेडाने ते वर्षानुवर्षांत फिके पडतात, नवीन सेटशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवले की लगेच कळतं.